बिनपत्ता वाचायचा कुठून?

लिफ्टबाईंनी आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट तपासल्या. उंचच उंच इमारतींच्या टोकाला, मशीनरूमच्या लोखंडी शिडीवर त्यांचा पाय कधी डगमगला नाही. आणि पडल्या त्या घरच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवरची बरणी काढताना, एका टीचभर स्टुलावरून. गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. ऑपरेशन झालं, तार बसली, टाके निघाले आणि डॉक्टर म्हणाले, "माझं काम संपलं. आता गुडघा वाकवायचं फिजिओकडे."

खात्यात त्यांना लिफ्टबाई म्हणत, शेजारीपाजारी लिफ्टबाई म्हणत आणि नवराही लाडात आला की लिफ्टबाईच म्हणे. "ही लिफ्ट बंद करा," असं त्या एकदा म्हणाल्या की ती बंद व्हायची, मग इमारतीचा मालक कुणाचा का जावई असेना.

नवऱ्याचं सगळं उलट. तो हळू बोले, हळू चाले आणि घरी बसून कादंबऱ्या लिही. 'बिनपत्ता' या टोपणनावाने. पुस्तकावर फोटो नाही, दोन ओळींची ओळखसुद्धा नाही. हा बिनपत्ता कोण, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक प्रकाशक आणि दुसऱ्या लिफ्टबाई. आणि गंमत म्हणजे लिफ्टबाईंनी त्याची एकही छापील कादंबरी वाचलेली नव्हती.

याला कारण सासूबाई. लग्न नवं होतं तेव्हा नवऱ्याने पहिल्या कादंबरीचं बाड मोठ्या हौसेने बायकोच्या हातात दिलं. त्यात एक म्हातारी होती. पाहुण्यांना "बसा हो, घाई काय आहे" म्हणता म्हणता ती खोलीतला दिवा मालवायची. लिफ्टबाई पोट धरधरून हसल्या आणि रात्री जेवताना सरळ मनाने सासूबाईंना म्हणाल्या, "आई, तुम्ही चाळिसाव्या पानावर अगदी हुबेहूब उतरला आहात!"

सासूबाईंनी बाड मागवलं, चाळिसावं पान वाचलं आणि पुढे कित्येक महिने मुलाशी त्या फक्त सुनेमार्फत बोलल्या. "त्याला सांग, मीठ इकडे दे." मुलगा शेजारच्याच पाटावर असायचा.

मग नवऱ्याने टोपणनाव घेतलं आणि बायकोपुढे हात जोडले. "यापुढे तू माझं काही वाचायचं नाहीस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"नाही वाचणार जा," लिफ्टबाई म्हणाल्या, आणि शब्दाला जागल्या. यथावकाश सासूबाई गेल्या, पण करार राहिला. दोघांपैकी कुणाला तो मोडायचं सुचलंच नाही.

फिजिओचा दवाखाना तळमजल्यावर होता. पडदे लावलेल्या तीन खाटा, भिंतीला दोऱ्या आणि कप्प्या, कोपऱ्यात कुठेही न जाणारी एक सायकल. फिजिओ तिशीतली, मनगटं सुताराची आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. पहिल्याच दिवशी तिने लिफ्टबाईंचा घोटा एका हाताने धरला, दुसरा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "काकू, आता थोडं दुखेल. लक्ष तिकडे नको म्हणून मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. चालेल ना?"

"मी काय लहान आहे?"

"गुडघ्यापुढे सगळेच लहान. ऐका. एक आत्याबाई असतात. ठेंगण्या. त्यांना कशानेच चक्कर येत नाही, म्हणून त्यांची अंतराळयानात निवड होते."

"कोण करतं निवड?"

"मोठमोठे शास्त्रज्ञ. सगळे धडधाकट जवान गरगरून पडतात आणि या आपल्या फिरत्या खुर्चीत बसून विणकाम करत असतात. तर यान सुटतं. वर गेल्यावर आत्याबाई पहिलं काम काय करतात, सांगा बघू?"

"काय?"

"यान आवरायला काढतात! नको असलेलं सगळं एका पिशवीत भरतात आणि दार उघडून..."

"अगं बाई, दार उघडून कसं चालेल?" लिफ्टबाई हसत सुटल्या आणि त्याच क्षणी फिजिओने गुडघा खाली दाबला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण गुडघा मघापेक्षा बराच वाकला होता.

"पुढे काय झालं त्या बाईचं?" घाम पुसत त्यांनी विचारलं.

"ते पुस्तकात वाचा. 'आत्याबाई अंतराळात.' माझा सगळ्यात लाडका लेखक आहे. बिनपत्ता."

लिफ्टबाईंचा पाय असा काही उडाला की फिजिओची हनुवटी थोडक्यात वाचली.

"लागलं का हो जोरात?"

"नाही नाही. शीर चमकली."

पडद्यापलीकडे, काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर बिनपत्ता स्वतः बायकोची पिशवी आणि कुबडी मांडीवर घेऊन शब्दकोडं सोडवत बसला होता. लिफ्टबाईंनी पडद्याच्या फटीतून त्याच्याकडे पाहिलं आणि गप्प राहायचं ठरवलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

पुढचे काही आठवडे त्यांच्यासाठी मोठे मजेचे गेले. फिजिओ प्रत्येक रोग्याला बिनपत्ताची वेगवेगळी कादंबरी सुचवायची आणि त्याबाबतीत तिची ठाम मतं होती. शेजारच्या खाटेवर खांदा आखडलेले एक ड्रायव्हिंग शिक्षक येत. त्यांना तिने 'वास कसला?' दिली होती, कारण ते सदा चिडलेले असत आणि त्या कादंबरीतला गुप्तहेर त्यांच्याहून चिडका होता. अत्तराच्या कारखान्यात खून होतो आणि तपासाला येतो त्याला सर्दीमुळे वासच येत नाही. मास्तर आता गाडी शिकवताना विद्यार्थ्यांना त्यातले प्रसंग ऐकवत आणि विद्यार्थी सिग्नल तोडत.

"आणि नवीन लग्न झालेल्यांना मी 'न्हाणीघरातली भरती' देते," फिजिओ म्हणाली. "सातव्या मजल्यावर एका जोडप्याच्या टबात रोज भरती-ओहोटी येते. आधी शंख येतात, मग मासे येतात. मग सोसायटीची सभा भरते. मासे टबवाल्यांचे की सगळ्यांचे? वाचताना हसून मुरकुंडी वळते, आणि शेवटी ओहोटी लागते ना, तेव्हा मी रडले होते."

"आणि मला काय देशील?"

"तुम्हाला 'घोड्याची साक्ष'. कोर्टातली आहे. तुम्हाला नियम आवडतात."

"घोडा कोर्टात साक्ष कशी देईल? शपथ कशी घेईल?"

"बघा! अख्ख्या पहिल्या भागात वकील हेच भांडतात. तुम्ही वाचाच, काकू."

एक दिवस ती गुडघ्याला गरम पिशवी बांधता बांधता म्हणाली, "मला खात्री आहे, हा बिनपत्ता बिनलग्नाचा असणार."

"का गं?" लिफ्टबाईंच्या आवाजाला धार आली.

"माणसं काय बोलतात ते किती बारकाईने ऐकलंय त्याने! लग्न झालेला पुरुष इतकं ऐकून घेतो का कधी?"

लिफ्टबाईंना राग यावा की हसू यावं, कळेना. त्या दिवशी निघताना त्यांनी फिजिओच्या कपाटातून 'घोड्याची साक्ष' मागून घेतली आणि शालीत गुंडाळून घरी नेली.

आता पंचाईत अशी की नवऱ्याच्या घरात नवऱ्याचीच कादंबरी नवऱ्यापासून लपवून वाचायची. त्यांनी लिफ्ट सुरक्षेच्या नियमावलीचं वेष्टण काढलं आणि घोड्यावर चढवलं. नवरा चहा घेऊन आला तर बायको पाय उशीवर टाकून नियमावली वाचतेय आणि खांदे गदागदा हलताहेत.

"नियमांत इतकं हसण्यासारखं काय आहे?"

"सुधारित आवृत्ती आहे," लिफ्टबाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

घोडा संपला, मग आत्याबाई संपल्या, मग भरती. वाचताना त्यांना कधी हसू येई, कधी चक्क हेवा वाटे. हा माणूस रोज समोर बसून भाजी निवडतो, "हं, हं" करतो आणि आत हे सगळं चाललेलं असतं? आणखी कुठली आहे, असं विचारल्यावर फिजिओने थोडे आढेवेढे घेऊन एक जाडसर पुस्तक काढलं. "ही मी कुणाला आधी देत नाही. ही शेवटी वाचायची. 'दोन मजल्यांच्या मध्ये.'"

घरी येऊन पहिलं पान उघडलं आणि लिफ्टबाई सावरून बसल्या. दोन अनोळखी माणसं लिफ्टमध्ये अडकतात. बाहेरून एक बाई त्यांच्याशी दाराच्या फटीतून बोलत असते. अख्खी कादंबरीभर ती दिसत नाही, नुसता तिचा आवाज. "दोर तुटणार नाही. तुटला तरी ब्रेक लागेल. मी इथे आहे. आता तुम्ही मला सांगा, सकाळपासून काय काय केलंत." आतली दोघं एकमेकांना आणि त्या आवाजाला आपलं आयुष्य सांगत राहतात.

आवाज त्यांचा होता. शब्द त्यांचे होते. कामावरून आल्यावर चपला काढता काढता, भांडी विसळता विसळता त्या जे काही बडबडत, ते सगळं यात होतं. केबलचा वास, मशीनरूममधली कबुतरं, अडकलेल्या माणसाला आधी नाव न विचारता तहान लागलीय का विचारावं, हेसुद्धा. त्यांना वाटायचं, हा ऐकत नाही. त्याने तर एक शब्द खाली पडू दिला नव्हता.

लिफ्टबाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी दोनदा नाक शिंकरलं, पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि शेवटच्या प्रकरणात थबकल्या. तिथे एक चूक होती. मग मात्र त्यांना गप्प राहवेना.

सकाळी चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "लिफ्ट वर जाईल."

"कुठली लिफ्ट?"

"तुझी. आत दोनच माणसं आहेत. दुसऱ्या बाजूला समतोलाचं वजन असतं, ते त्यांच्याहून जड. ब्रेक हाताने सोडला की लिफ्ट वर सरकते. तू ती खाली आणलीस."

नवऱ्याने कप बशीत ठेवला. "तू वाचलीस?"

"वाचली. आणि घोडा पण, आणि आत्याबाई पण. करार मोडला. काय करायचं ते कर."

 मग अगदी बारीक आवाजात त्याने विचारलं, "बरी आहे का?"

"बरी?" लिफ्टबाई उसळल्या. "अरे, मी तुझ्या पुस्तकात राहते आणि मलाच पत्ता नाही! बरी काय विचारतोस? नवीन कधी येतेय?"

तेव्हा त्याने सांगितलं. नवीन काही येत नव्हतं. 'पिवळी मिशी' नावाची कादंबरी आली आणि पडली. ज्याने त्याने तिला नावं ठेवली. तेव्हापासून त्याचा हात चालेना. तो टेबलाशी बसून शब्दकोडी सोडवत होता आणि बाहेर बायकोला आवाज यावा म्हणून मधूनमधून उगाच टाइपरायटरच्या कळा बडवत होता.

"नुसत्या?"

"नुसत्या. कधी 'क क क', कधी 'म म म'."

 बंद लिफ्टपुढे उभं राहून काय बोलावं हे लिफ्टबाईंना ठाऊक होतं, घरात काय बोलावं हे सुचेना. शेवटी त्या म्हणाल्या, "आज तू बाकावर बसायचं नाहीस. माझ्याबरोबर आत यायचं. एका मुलीचं ऐकायचंय तुला. पण तोंड उघडायचं नाही."

नवरा आत आला, खाटेजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसला. फिजिओने गुडघा हातात घेतला आणि लिफ्टबाईंनी विषय काढला. "अगं, आमच्या यांना काहीतरी वाचायला सुचव. हल्ली नुसती शब्दकोडी चालतात."

"काका, तुम्ही बिनपत्ता वाचलाय?"

काकांनी मान कशीतरी हलवली. ती हो होती की नाही, देव जाणे.

"मग तुम्ही नशीबवान. तुम्हाला सगळं पहिल्यांदा वाचायला मिळणार! पण एकदम घोड्याला हात घालू नका, तुम्हाला झेपायचा नाही. तुम्ही शांत दिसता. आत्याबाईंपासून सुरुवात करा. मग भरती. मग गुप्तहेर."

"गुप्तहेर कमाल आहे!" पडद्यापलीकडून मास्तर ओरडले.

"तुम्ही खांदा फिरवा, मास्तर. आणि काका, एकच सांगते. 'पिवळी मिशी' तेवढी घेऊ नका. ती लिहिताना त्याची तब्येत बरी नसणार."

काका स्टुलावर ताठ झाले. लिफ्टबाईंनी डोळे वटारले, पण उपयोग झाला नाही.

"काय वाईट आहे तिच्यात?"

"सगळी छान आहे हो! माणसाची मिशी एका रात्रीत पिवळी होते, तो नोकरी सोडतो, गावोगाव फिरतो, किती सुंदर! आणि शेवटी काय, तर जाग आली, सगळं स्वप्न! मी पुस्तक भिंतीवर फेकून मारलं."

"स्वप्न नाहीये ते!" काका उभेच राहिले. "तो उठतो, त्याला वाटतं स्वप्न होतं. मग तो आरशात बघतो आणि मिशी पिवळीच असते! सगळी कादंबरी त्या आरशासाठी लिहिलीय!"

"कुठला आरसा? आरसाबिरसा काही नाही त्यात."

"शेवटच्या पानावर."

"शेवटच्या पानावर 'आणि त्याला जाग आली' आहे. मागे पापडासारख्या पातळ कागदावर प्रकाशकाची जाहिरात."

फिजिओ कपाटाकडे गेली आणि पुस्तक घेऊन आली. काकांनी ते मागून उघडलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, पान उजेडात धरून पाहिलं. आरसा नव्हता. छापताना शेवटचं पान गळून गेलं होतं.

 मास्तरांनी पडदा बाजूला करून डोकं आत घातलं.

"काका," फिजिओने हळूच विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, तिथे आरसा होता?"

"अगं, लिहिलीय कुणी?" लिफ्टबाई म्हणाल्या. "हाच तो तुझा बिनलग्नाचा."

फिजिओ खाटेच्या कडेवर मटकन बसली, आणि ती कडा म्हणजे लिफ्टबाईंची पोटरी होती. लिफ्टबाई कळवळल्या, गुडघा झटकन वाकला आणि एवढे आठवडे हुलकावणी देणारा काटकोन आपसूक झाला. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लिफ्टबाई नवऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला होता.

"छापून आल्यावर तू एकदाही उघडून पाहिलं नाहीस?"

"मी छापलेलं उघडत नाही. भीती वाटते."

"म्हणजे तपासणी न करता चालू केलंस?" त्या गरजल्या. "माणसं चढली त्यात! ही मुलगी चढली, मध्येच अडकली, भिंतीवर पुस्तक मारलं तिने!"

काकांना आधी हसू फुटलं, मग ते आवरेना. लोकांनी नावं ठेवली ती ज्या शेवटाला, तो त्यांनी लिहिलाच नव्हता. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. फिजिओ मात्र अजून भानावर येत होती. तिने सही मागितली नाही, पाया पडली नाही. तिने विचारलं, "आरशात बघून तो काय म्हणतो?"

काकांनी तिला ते पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. मास्तरांचा हात ऐकता ऐकता खांद्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला.

प्रकाशकाने आधी कानांवर हात ठेवले, मग कपाळावर हात मारून घेतला. लिफ्टबाई स्वतः कुबडी घेऊन त्याच्या कचेरीत गेल्या होत्या, त्यामुळे प्रकरण फार लांबलं नाही. 'पिवळी मिशी'ची नवी आवृत्ती आरशासकट निघाली. फिजिओने ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की आता सुरुवात करायची तर मिशीपासूनच. काकांचं म्हणणं भरतीपासून. यावर दोघांचं जोरदार वाजलं. "तुम्ही नुसती लिहिलीत," फिजिओ म्हणाली, "माणसांना देऊन मी बघितलीय." लेखकाला माघार घ्यावी लागली.

लिफ्टबाईंचा गुडघा बरा झाला. त्या पुन्हा शिड्या चढू लागल्या, मालकांना घाम फोडू लागल्या. दवाखान्यात जायचं त्यांना काही कारण उरलं नाही. त्यांचा नवरा मात्र आठवड्यातून एकदा मान आखडली म्हणून तिथे जातो. मानेला काही झालेलं नाही, हे फिजिओला पहिल्या दिवशीच कळलं होतं. ती गरम पिशवी ठेवते, तो पालथा पडून नव्या कादंबरीत काय घडतंय ते सांगतो, आणि मास्तर खांदा केव्हाच सुटलेला असूनही नेमके त्याच वेळी येतात. घरी आल्यावर लिहिलेली पानं तो लिफ्टबाईंपुढे ठेवतो आणि त्या पेन्सिल घेऊन बसतात.

परवा त्याला दवाखान्यात यायला उशीर झाला. चेहरा पडलेला होता, पाय ओढत आला आणि खाटेवर आडवा झाला.

"काय हो काका, मान कशी आहे?" फिजिओने विचारलं.

"तिसऱ्या प्रकरणात अडकलीय," तो म्हणाला. "जरा हलव ना."